खोली अचानक गार पडते तेव्हा: ‘भुताची थंडी’ तपासायची कशी

“जिन्याच्या वळणावर आलं की एकदम गार लागतं.” झपाटलेली म्हणून बोलबाला झालेल्या जागेची चौकशी करायला गेलं की असं एखादं वाक्य हमखास ऐकू येतं. सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच गार लागलेलं असतं, अंगावर काटा आलेला असतो आणि पुन्हा तिथे एकट्याने जायची त्याची तयारी नसते. त्याला हसून वाटेला लावणं वाईट, आणि “हो, इथे काहीतरी आहे” असं म्हणून त्याची झोप उडवणं त्याहून वाईट. मी सांगते आहे तो मार्ग थोडा वेळखाऊ आहे, पण त्यात त्या माणसाचा मान राहतो.

या सगळ्या तपासाचा पाया एकच आहे. गार लागणं आणि तापमान उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवा अर्ध्या अंशानेही न उतरता माणसाला हुडहुडी भरू शकते. उलट हवा दीड-दोन अंशांनी उतरली आणि खोलीतल्या कुणालाच कळलं नाही, असंही होतं. म्हणून दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेवायची आणि मगच ती एकमेकींशेजारी मांडून बघायची.

थर्मामीटर घेऊन भुताच्या मागे जायची पद्धत जुनी आहे. १९२३ साली लंडनमध्ये भुताखेतांचे दावे तपासणारे हॅरी प्राइस यांनी ‘स्टेला सी.’ या माध्यम (म्हणजे जिच्यामार्फत आत्मे संपर्क साधतात असं मानलं जाई अशा) तरुणीच्या बैठकांमध्ये खोलीचं तापमान नोंदवलं आणि बैठकीदरम्यान ते उतरल्याचं जाहीर केलं. ‘आत्मा हवेतली उष्णता ओढून घेतो’ हे स्पष्टीकरण आजही पुष्कळांच्या तोंडी असतं. त्याचा हिशेब पुढे करूच.

सगळ्यात आधी: जीवाला धोका नाही ना?

घरात गॅसवर, कोळशावर, लाकडावर किंवा तेलावर चालणारं काही असेल, म्हणजे हीटर, गीझर, शेगडी, भट्टी, तर कार्बन मोनॉक्साइडची शंका पहिल्यांदा घ्या. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं वाटणं, छातीवर दडपण ही त्याची लक्षणं. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ विल्यम विल्मर यांनी १९२१ साली एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली होती. घरात पावलं वाजायची, आकृत्या दिसायच्या, घरातली माणसं खंगत चालली होती. शेवटी कारण निघालं ते बिघडलेल्या भट्टीतून घरात पसरणारा धूर.

गारठ्याशी याचा थेट संबंध आहे. गार लागतं म्हणून माणूस खिडक्या घट्ट लावून घेतो, फटी बुजवतो, आत काहीतरी पेटवतो, आणि धोका वाढवतो. ही लक्षणं घरातल्या एकाहून अधिक जणांना जाणवत असतील आणि बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल, तर तपास राहू द्या. सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, वैद्यकीय मदत घ्या, आणि उपकरण दुरुस्त होईपर्यंत ते पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म अशा घरात असायलाच हवा.

पायरी १: आधी ऐका, मग मोजा

ज्यांना अनुभव आला त्यांच्याशी एकेकट्याने बोला. चारचौघांत विचारलं की पहिल्याने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडी येते, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. “इथे गार वाटलं का?” असं विचारू नका. “या खोलीत काय जाणवलं?” एवढंच विचारा आणि गप्प बसा.

मग बारकावे. गारवा अंगाला कुठे लागला: घोट्यांना, मानेला, एका गालाला की सगळीकडे? झोत होता की नुसता गारठा? किती वेळ टिकला? त्याआधी माणूस काय करत होता: जिना चढून आला होता, अंघोळ करून आला होता, की तासभर एकाच जागी बसून होता? अंगात काय कपडे होते? दार, खिडकी, पंखा, एसी कुठल्या स्थितीत होते?

‘कुठे’ या उत्तरावर मी सगळ्यात जास्त वजन टाकते. घोट्यांना गार म्हणजे बहुतेक वेळा जमिनीलगत साचलेली हवा किंवा दाराखालची फट. एकाच गालाला किंवा खांद्याला गार म्हणजे त्या बाजूची गार भिंत किंवा काच. मानेला गार म्हणजे मागून येणारी झुळूक. सगळ्या अंगभर आतून उठलेली शिरशिरी असेल, तर कारण शरीरात शोधायला लागतं. हे नियम नाहीत, पण कुठून सुरुवात करायची ते यावरून ठरतं.

पायरी २: योग्य साधन, आणि त्याची मर्यादा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगते.

पिस्तुलासारखं दिसणारं इन्फ्रारेड थर्मामीटर हवेचं तापमान मोजत नाही. समोर जो पृष्ठभाग असेल त्याचं मोजतं. खोलीच्या मधोमध हवेत नेम धरून “इथे पाच अंश कमी आहे” असं कुणी दाखवत असेल, तर तो पलीकडच्या भिंतीचा किंवा खिडकीचा आकडा आहे. लाल ठिपका फक्त नेमासाठी असतो. मापन त्याच्याभोवतीच्या मोठ्या वर्तुळाचं होतं. १२:१ (अंतर आणि वर्तुळाचा व्यास यांचं) गुणोत्तर लिहिलेलं यंत्र ३ मीटरवरून सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी दाखवतं. चकचकीत धातूवर तर त्याचा आकडा भलताच येतो, कारण असा पृष्ठभाग स्वतः कमी उत्सर्जन करतो आणि आजूबाजूची उष्णता परावर्तित करतो.

थर्मल कॅमेऱ्याचंही तसंच. तोही पृष्ठभागच बघतो. शिवाय साधी काच त्याच्यासाठी पारदर्शक नसते, जवळजवळ आरशासारखी वागते, त्यामुळे तावदानात तुमचीच तापलेली आकृती उभी दिसते. खुर्चीवरून उठून गेलेल्या माणसाचा ठसा, भिंतीला टेकलेल्या हाताचा पंजा काही काळ तसाच उमटून राहतो. गार भिंत आणि ओल शोधायला हा कॅमेरा फार कामाचा आहे. हवेतली आकृती टिपायला तो बनलेलाच नाही.

हवेसाठी लागतो तो उघडा, बारीक सेन्सर असलेला डेटा लॉगर, म्हणजे ठरावीक अंतराने तापमान आपोआप नोंदवून ठेवणारं यंत्र. घेताना तीन गोष्टी बघा. पहिली अचूकता: पडद्यावर ०.१ अंश दिसतो याचा अर्थ यंत्र ०.१ अंशापर्यंत खरं आहे असा नाही. बहुतेक साध्या सेन्सरांची अचूकता ±०.५ अंश किंवा त्याहूनही वाईट असते. दुसरी गती: प्लॅस्टिकच्या जाड डबीत बंद असलेल्या सेन्सरला हवेशी जुळायला कित्येक मिनिटं लागतात. असं यंत्र ‘अचानक’ काही दाखवूच शकत नाही, ना उतार ना चढ. तिसरी नोंदीचा कालावधी: दर दहा मिनिटांनी नोंद होत असेल तर वीस सेकंदांची झुळूक त्यात सापडणार नाही. दर पाच ते दहा सेकंदांनी नोंद ठेवा.

निदान चार लॉगर हवेत. वापरण्यापूर्वी सगळे एका खोक्यात शेजारी शेजारी तासभर ठेवा. चारही आकडे वेगवेगळे येतील. हा फरक लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येकाच्या आकड्यातून वजा करा. हे न केल्यामुळे ‘या कोपऱ्यात एक अंश कमी आहे’ असा निष्कर्ष काढलेले अहवाल मी पाहिले आहेत, आणि तो एक अंश यंत्रांमधलाच फरक होता.

माझी स्वतःची एक चूक सांगते. पहिल्यांदा थर्मामीटर घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले, खिशातून काढलं, आणि डोळ्यांसमोर आकडा घसरायला लागला. मिनिटभरात चार अंश. माझे हात थरथरत होते. खिशात माझ्या अंगाच्या उबेने तापलेलं यंत्र खोलीच्या तापमानाला येत होतं, एवढंच घडत होतं. तेव्हापासून यंत्र खोलीत ठेवल्यावर पहिला अर्धा तास मी मोजणीत धरत नाही, आणि यंत्र हातात धरून कधीच मोजत नाही.

पायरी ३: काही न घडणाऱ्या रात्री मोजा

लोक हीच पायरी गाळतात, आणि ती गाळली की पुढचं सगळं वाया जातं. खोली नेहमी कशी वागते हेच माहीत नसेल, तर आज ती वेगळी वागली असं म्हणायला आधार काय?

कमीत कमी आठवडाभर लॉगर लावून ठेवा. एक ‘त्या’ जागी, जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर. दुसरा त्याच्याच खाली घोट्याच्या उंचीला. तिसरा अशा खोलीत जिच्याबद्दल कुणाचीच कसली तक्रार नाही. चौथा घराबाहेर सावलीत. सेन्सर भिंतीला टेकवू नका, दिव्याच्या किंवा यंत्राच्या जवळ नको, उन्हात तर नकोच. सगळ्यांची घड्याळं एकाच वेळेला जुळवा.

आठवड्याच्या आलेखात खोलीचा स्वभाव दिसायला लागतो. एसी किंवा हीटर ठरावीक अंतराने चालू-बंद होतो, त्याचे करवतीसारखे दाते दिसतात. जाड दगडी भिंतींची खोली बाहेरच्या हवेमागून कित्येक तास उशिरा गार होते. डोक्याजवळच्या आणि पायाजवळच्या हवेत दोन-तीन अंशांचा फरक तर अगदी साध्या, कसलीही ख्याती नसलेल्या खोलीतही सापडतो, कारण गार हवा जड असते आणि खाली बसते.

पायरी ४: झुळकीचा माग

उघड्या त्वचेला सेकंदाला पाव मीटर इतका मंद वाराही जाणवू शकतो, विशेषतः माणूस स्वस्थ बसलेला असेल तर. एवढ्या वाऱ्याने पडदाही धड हलत नाही. अंग घामाने किंचित ओलं असेल तर तोच वारा आणखी गार वाटतो, कारण घाम वाळताना त्वचेची उष्णता घेऊन जातो.

माग काढायला उदबत्तीचा धूर उत्तम. ती कागद-कापडापासून लांब धरा, आणि जुन्या लाकडी बांधकामात त्याऐवजी टिश्यू पेपरची अरुंद पट्टी वापरा. खोलीतले सगळे जण एका जागी स्थिर बसू द्यात, दोन मिनिटं थांबा, मग दाराची चौकट, उंबरा, खिडकीच्या खोबणी, विजेची बटणं, नळ आणि वायरी शिरण्याची भोकं, फळ्यांमधल्या भेगा, माळ्याचं झाकण, बंद केलेलं धुराडं यांवरून सावकाश फिरवा. धूर जिथे वाकतो तिथे खूण करा.

मग मुद्दाम बदल घडवा. स्वयंपाकघरातला किंवा न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा लावा. तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच हवा घरभरच्या फटींतून आत ओढली जाते. पुढचं दार झटकन उघडून बघा. लांबच्या खोलीतला धूर त्याच क्षणी हलताना दिसतो. बाहेर गारठा असताना घरातली उबदार हवा वर चढून माळ्यावरून निसटते आणि तिची जागा घ्यायला खालून गार हवा शिरते. जिना म्हणजे या हवेचा हमरस्ता. जिन्याच्या वळणावरच्या गारव्याचं मूळ खालच्या मजल्यावर शोधून सापडत नसेल, तर सगळ्यात वरची खिडकी घट्ट बंद करून पाहा.

इंग्लंडमधल्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आणि एडिंबरामधल्या साउथ ब्रिजखालच्या तळघरांत मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी शेकडो लोकांना फिरवून त्यांचे अनुभव नोंदवले; तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. ‘झपाटलेल्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागांत विचित्र अनुभव खरोखरच जास्त नोंदले गेले, आणि ते उजेड, जागेचा आकार अशा भौतिक गोष्टींशी जुळत होते. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की लोकांना काहीतरी जाणवत होतं. त्यांच्या जाणिवेवर अविश्वास दाखवायचं कारण नाही. तिच्या कारणाचा शोध घ्यायचा.

पायरी ५: भिंती, काचा, फरशी

हवा सगळीकडे सारखी असूनही एका जागी गार लागत असेल, तर आता इन्फ्रारेड थर्मामीटर बाहेर काढा. आपलं शरीर सतत भोवतालच्या पृष्ठभागांकडे उष्णता फेकत असतं आणि त्यांच्याकडून घेत असतं. समोर गार काच किंवा ओल धरलेली भिंत असली की देवाणघेवाण तोट्यात जाते आणि त्या बाजूला गारठा जाणवतो, हवेचा आकडा तोच असताना. डॅनिश संशोधक ओले फँगर यांनी १९७०च्या सुमारास सुखद वाटण्यामागचे सहा घटक एका समीकरणात बांधले: हवेचं तापमान, पृष्ठभागांकडून येणारी उष्णता, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, कपडे आणि शरीराची हालचाल. भुताच्या शोधात लोक सहांपैकी फक्त पहिला मोजतात.

दगडी आणि धातूचा पृष्ठभाग लाकडाइतक्याच तापमानाला असला तरी हाताला जास्त गार लागतो, कारण तो उष्णता वेगाने ओढून घेतो. गालिचा संपून फरशी सुरू होते तिथे ‘थंड पट्टा’ जाणवला तर आधी चपला घालून पुन्हा चाला.

पायरी ६: शरीर

भीती वाटली की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हात-पाय गार पडतात, केस उभे राहतात, घाम सुटतो. म्हणजे भीतीनेच गार लागतं, आणि गार लागलं म्हणून भीती वाढते. हे तपासायला सोपं आहे: माणसाच्या बोटाच्या टोकाला सेन्सर चिकटवा आणि हवेचा आकडा शेजारी ठेवा. बोट उतरलं आणि हवा जागच्या जागी राहिली, तर घटना शरीरात घडली.

त्यात वेळेचा भाग आहे. शरीराचं आतलं तापमान पहाटे, उठायच्या दोन-तीन तास आधी, दिवसातल्या नीचांकाला असतं. स्वस्थ बसलेलं शरीर साधारण १०० वॉट उष्णता निर्माण करतं, चालताना त्याच्या दुपटीहून जास्त. रात्री तीन-चार वाजता, अंधारात, न हलता तासभर वाट पाहत बसलेल्या माणसाला गार लागलं नाही तरच नवल.

आणि एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. त्वचेवर थंडी ओळखणारे बारीक बिंदू विखुरलेले असतात, उष्णता ओळखणाऱ्या बिंदूंपेक्षा संख्येने कितीतरी जास्त. आपण घरात शीतबिंदू शोधत हिंडतो, आणि ते आपल्या कातडीवर असतात. थंडीची जाणीव पेशींमध्ये नेमकी कशी उमटते, त्या शोधाला २०२१च्या नोबेल पारितोषिकात स्थान मिळालं; डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांनी ते वाटून घेतलं. हे बिंदू स्थिर गारव्यापेक्षा बदलाला जास्त जोरात प्रतिसाद देतात, म्हणून क्षणभराची झुळूकही ‘अचानक’ भासते.

एखाद्याला सगळीकडेच, नेहमीच गार लागत असेल तर रक्तक्षय आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यायला सांगा. हे सांगणं तपासाचाच भाग आहे.

ध्वनीचाही उल्लेख करायला हवा. १९९८ साली ब्रिटिश अभियंते व्हिक टँडी यांनी एका प्रयोगशाळेतला अनुभव लिहिला: अंगाला दरदरून गार घाम, डोळ्यांच्या कडेला करडी आकृती, आणि कारण म्हणून सुमारे १९ हर्ट्झचा, एका पंख्यातून निघणारा, ऐकू न येणारा आवाज. ही हकीकत जिथेतिथे सांगितली जाते. मी मात्र ती यादीत शेवटी ठेवते, कारण शंभर घरांत दाराखालची फट सापडते आणि असा पंखा क्वचित.

पायरी ७: प्रत्यक्ष रात्र

बसणाऱ्यांपैकी कुणालाही लॉगरचा पडदा दिसता कामा नये. आकडा उतरताना दिसला की गार लागतंच. प्रत्येकाने वेगळ्या जागी बसायचं, आणि गार लागलं की न बोलता घड्याळातली वेळ लिहायची. “तुलाही लागलं का?” या एका प्रश्नाने रात्रभराची मेहनत पुसली जाते. कोण किती वाजता उठलं, दार कुणी उघडलं, पाणी प्यायला कोण गेलं, तेही लिहा. तीच माणसं, तेवढाच वेळ, तक्रार नसलेल्या खोलीतही एक रात्र बसवा. तिथेही वेळा लिहिल्या जातात. तुलना त्यांच्याशी करायची.

पायरी ८: आलेख वाचणं आणि तो हिशेब

झुळूक आलेखात झटकन खाली येते आणि सावकाश वर चढते. एसी किंवा हीटरचा फेरा ठरावीक अंतराने येतो. सुरुवातीला खडा आणि मग सपाट होत जाणारा एकच उतार म्हणजे उबेतून आणलेला सेन्सर. एका नोंदीत पंधरा अंशांची उडी आणि पुढच्या नोंदीत पूर्ववत, म्हणजे सैल जोड किंवा संपत आलेली बॅटरी.

आता ‘उष्णता ओढून घेण्याचा’ दावा. एक घनमीटर हवेचं वस्तुमान सुमारे १.२ किलो. ती एका अंशाने गार करायला साधारण १,२०० ज्यूल काढून घ्यावे लागतात, १० अंशांनी करायला १२,००० ज्यूल, म्हणजे १० वॉटचा दिवा वीस मिनिटं चालेल इतकी ऊर्जा. ती कुठेतरी जायला हवी: काही तापायला हवं, हलायला हवं, उजळायला हवं. आणि गार झालेली हवा जागेवर उभी राहत नाही, जड होऊन खाली ओघळते. म्हणून माणसाएवढा थंड स्तंभ खरोखर हवेत तयार झाला, तर काही सेकंदांत घोट्याच्या उंचीवरचा लॉगरही उतरायला हवा. वरचा उतरला आणि खालचा ढिम्म राहिला, तर आधी वरचा सेन्सर तपासा.

पायरी ९: काय सांगायचं

कारण सापडलं तर ते दाखवा, नुसतं सांगू नका. ज्याला गार लागलं होतं त्याच्याच हातात उदबत्ती द्या, त्यालाच फटीपाशी उभं करा. धूर वाकताना त्याने स्वतः पाहिला की त्याला पटवून द्यावं लागत नाही.

कारण सापडलं नाही तर तारीख, वेळ, जागा, आकडा आणि काय काय तपासलं हे लिहून तिथेच थांबा. ‘कारण सापडलं नाही’ या ओळीपुढे ‘म्हणून’ लिहायचं नाही.

फट बुजवल्यावर लॉगर लगेच काढू नका. आणखी आठवडाभर राहू द्या. आठवड्याने आधी त्या माणसाला विचारा, आता तिथून जाताना कसं वाटतं. त्याचं उत्तर वहीत उतरवा, आणि मग आलेख उघडा.